रक्तदाब व हृदयविकार : स्त्री-पुरुषांच्या उपचारांतील अंतर
(भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक अभ्यास)

वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे बारा लाख लोकवस्ती असा त्याचा विस्तार आहे. या जिल्ह्याची आणखी एक ओळख आहे व ती आरोग्याच्या क्षेत्रातील आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ सुरू झाला, तेव्हा पाच राज्यांतील पंचवीस जिल्ह्यांची प्रथम निवड करण्यात आली. महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा यांच्यासमवेत भंडाऱ्याचा समावेश होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य शासने आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने चाललेल्या या उपक्रमास सप्टेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आंतरसंस्था कृतिदलाचा पुरस्कारही लाभला.

या उपक्रमाचे सूत्र साधे आहे. सर्व आरोग्य केंद्रांत एकच, पायरीपायरीने जाणारी उपचारपद्धती असावी. ॲम्लोडिपीन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशा मोजक्या औषधांचा पुरवठा अखंड राहावा. परिचारिका, आशा कार्यकर्ती व डॉक्टर यांनी मिळून काम करावे. औषध रुग्णाच्या घराजवळ, उपकेंद्रावर मिळावे. आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून कोणाचा रक्तदाब आटोक्यात आला व कोण यावयाचे थांबले, हे दर तिमाहीस पाहावे. औषध नवे नाही, यंत्र महागडे नाही. नवी आहे ती शिस्त.

अशा शिस्तीने चालणाऱ्या कामाचा लाभ स्त्री आणि पुरुष यांना सारखाच पोहोचतो काय, हा प्रश्न या लेखाचा विषय आहे. वरवर पाहता तो अनावश्यक वाटेल. रक्तदाब मोजण्याचे यंत्र स्त्री-पुरुष पाहत नाही, गोळीही पाहत नाही. परंतु रोग शरीरात कसा वाढतो, तो कोणाच्या ध्यानात येतो, दवाखान्यात कोण कोणास नेतो आणि नेल्यावर कोणता उपचार मिळतो, या प्रत्येक टप्प्यावर स्त्री-पुरुषांत अंतर पडते. विशेष म्हणजे हे अंतर सर्वत्र एकाच दिशेने पडत नाही. रक्तदाबाच्या उपचारात पुरुष मागे राहतो, तर हृदयविकाराच्या उपचारात स्त्री मागे राहते.

रोग एक, वाटा दोन

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक सतत राहिला म्हणजे त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. तारुण्यात हा विकार स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा रक्तदाब झपाट्याने वाढू लागतो आणि साठीच्या पुढे त्या पुरुषांची बरोबरी करतात, पुष्कळदा त्यांच्या पुढे जातात. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी २४.० टक्के व स्त्रियांपैकी २१.३ टक्के यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. हे अंतर फार मोठे नाही. ‘बीपी हा पुरुषांचा, शहरातल्या माणसांचा, खुर्चीवर बसणाऱ्यांचा आजार’ हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

हृदयविकाराच्या झटक्याचेही असेच आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिला झटका स्त्रियांना पुरुषांच्या सुमारे नऊ वर्षे उशिरा येतो, असे त्यात दिसले. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेद, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळेभाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव व मद्य या नऊ कारणांचा विचार केला तर बहुतेक झटक्यांचा उलगडा होतो आणि ही कारणे स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडतात, हेही त्यातून सिद्ध झाले. दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतर देशांतील रुग्णांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो, ही त्याच अभ्यासाची आपल्याशी संबंधित बाब होय.

‘उशिरा येतो’ याचा अर्थ ‘येत नाही’ असा करणे ही मोठी चूक ठरेल. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २०१९ साली जगातील स्त्रियांच्या एकूण मृत्यूंपैकी ३५ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झाले. स्त्रियांच्या आरोग्याचा विचार आपण प्रायः बाळंतपणापुरता करतो. त्यामुळे चाळिशीनंतरची स्त्री शासकीय कार्यक्रमांच्या आणि कुटुंबाच्याही नजरेआड जाते, आणि नेमका तोच तिच्या हृदयाच्या धोक्याचा काळ असतो.

ज्ञानातील जुनी उणीव

या दुर्लक्षास वैद्यकशास्त्राचा इतिहासही काही अंशी कारणीभूत आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात ५,२०९ स्त्री-पुरुषांचा समावेश होता. परंतु त्यापुढील कित्येक मोठे प्रयोग केवळ पुरुषांवर झाले. ॲस्पिरिनच्या रोजच्या लहान मात्रेने हृदयविकाराचा पहिला झटका टळतो, हा १९८९ मधील निष्कर्ष २२,०७१ पुरुष डॉक्टरांच्या पाहणीवर आधारलेला होता. हाच प्रयोग पुढे सुमारे चाळीस हजार स्त्रियांवर झाला, तेव्हा २००५ मध्ये उत्तर निराळे आले. स्त्रियांत एकंदरीने पक्षाघात काहीसा कमी झाला, हृदयविकाराचा झटका मात्र कमी झाला नाही. त्याचप्रमाणे रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या दिल्यास स्त्रीचे हृदय सुरक्षित राहील, ही दीर्घकाळची समजूत १९९८ व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी खोटी ठरविली.

१९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संचालिका डॉ. बर्नाडीन हीली यांनी याच प्रश्नावर लेख लिहिला. पुरुषांसारखाच गंभीर हृदयविकार आहे असे सिद्ध करून दाखविल्यावाचून स्त्रीला पुरुषांइतका उपचार मिळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोन वर्षांनी, १९९३ मध्ये, सरकारी पैशाने होणाऱ्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश केला पाहिजे, असा कायदा त्या देशाने केला. आज रोगनिदानाच्या रक्तचाचणीतही स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी निरनिराळ्या मर्यादा धराव्यात, अशी शिफारस केली जाते.

औषधांच्या बाबतीतही काही फरक ध्यानी घ्यावे लागतात. ॲम्लोडिपीनने पायांवर येणारी सूज स्त्रियांत अधिक दिसते. लघवीद्वारे क्षार बाहेर टाकणाऱ्या औषधांनी रक्तातील सोडियम घटण्याचा संभवही स्त्रियांत अधिक असतो. पायांवर सूज आली म्हणून स्त्री गोळी बंद करते आणि कोणास सांगतही नाही. नोंदवहीत मात्र ‘रुग्ण येत नाही’ एवढेच उरते. सूज आल्यास गोळी न सोडता डॉक्टरांना सांगावे, मात्रा वा औषध बदलता येते, एवढे एक वाक्य परिचारिकेने आधी सांगितले तर असे पुष्कळ रुग्ण टिकून राहतील.

रक्तदाबाच्या रांगेत पुरुष का नाही?

देशात झालेल्या बहुतेक पाहण्यांत एक गोष्ट समान आढळते. आपल्याला रक्तदाब आहे हे ठाऊक असणे, त्यावर औषध घेणे आणि तो आटोक्यात असणे, या तिन्ही बाबतींत स्त्रिया पुरुषांहून काहीशा पुढे आहेत. याचे कारण आरोग्यसेवेच्या रचनेत सापडते. गरोदरपणातील तपासणी, बालकांचे लसीकरण, कुटुंबनियोजन या निमित्ताने स्त्रीचा उपकेंद्राशी संबंध येतो. आशा कार्यकर्ती तिच्या घरी जाते, त्या वेळी घरात बहुधा स्त्रीच भेटते. पुरुषाचे तसे नाही. तो सकाळी शेतावर, कामावर किंवा मजुरीसाठी नागपूरकडे गेलेला असतो. बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि त्याच्या कामाची वेळ एकच असते. दवाखान्यात जावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवावयाची.

त्यात रक्तदाब दुखत नाही. त्रास नसताना गोळी घेणे हे अनेक पुरुषांना दुबळेपणाचे लक्षण वाटते. परिणामी, ज्या वयात पुरुषास धोका अधिक, त्या पस्तीस ते पंचावन्नच्या वयातच तो नोंदवहीबाहेर राहतो आणि त्याची पहिली भेट पुष्कळदा पक्षाघातानंतर वा झटक्यानंतरच होते. घरातील कर्ता पुरुष असा अंथरुणास खिळला म्हणजे त्याची शुश्रूषा, शेती आणि कर्जफेड यांचा भार त्याच्या पत्नीवर पडतो, आणि तिच्या स्वतःच्या औषधांत खंड पडतो. म्हणून पुरुषांची तपासणी हा स्त्रियांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. आठवडी बाजार, धान खरेदी केंद्र, सेवा सहकारी संस्थेचे कार्यालय, भातगिरणी, एस. टी. आगार, बांधकामाची जागा अशा पुरुष जमणाऱ्या ठिकाणी तपासणी नेता येते. आठवड्यातून एखादा दिवस सायंकाळी उपकेंद्र उघडे ठेवता येते. रक्तदाब स्थिर असलेल्या रुग्णास एका वेळी किमान महिन्याभराची औषधे देता येतात.

छातीतील कळ आणि ‘अशक्तपणा’

हृदयविकाराच्या झटक्याचे चित्र याच्या उलट आहे. २००१ ते २००५ या काळात भारतातील ८९ रुग्णालयांतील वीस हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. झटका आलेल्या व रुग्णालयात पोहोचलेल्या या रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पुरुष होते. हृदयविकार पुरुषांत कमी वयात येतो, हे या तफावतीचे एक कारण खरे. परंतु स्त्री रुग्णालयात पोहोचतच नाही, हेही एक कारण मानावे लागते. त्याच पाहणीत रुग्णास लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचावयास लागलेला मध्यम कालावधी ३६० मिनिटांचा, म्हणजे सहा तासांचा होता. गोठलेले रक्त विरघळविणारे औषध पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक गुणकारी ठरते. हा अवधी हातचा गेला की हृदयाच्या स्नायूचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

स्त्रीच्या बाबतीत विलंबाची कारणे एकावर एक रचली जातात. छातीच्या मध्यभागी दाब वा कळ हे स्त्री आणि पुरुष या दोघांतही सर्वांत नेहमीचे लक्षण आहे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. तथापि, स्त्रियांत त्याच्या जोडीला धाप, मळमळ, घाम, जबड्यात, मानेत वा पाठीत दुखणे आणि एकाएकी आलेला कमालीचा थकवा ही लक्षणे अधिक प्रमाणात असतात. काही वेळा छातीतील कळ सौम्य राहून हीच लक्षणे पुढे येतात. मग तिला ‘पित्त झाले’, ‘वारा धरला’, ‘अशक्तपणा आला’ असे सांगितले जाते. आपल्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांना पंडुरोग आहे आणि पूर्व विदर्भात सिकलसेलचाही प्रादुर्भाव आहे. त्यामुळे धाप व थकवा यांचे खापर रक्ताच्या कमतरतेवर फोडणे सोपे जाते. पंडुरोग असेलही, पण तो असला म्हणून हृदयविकार नाही असे होत नाही. उलट रक्त कमी असल्यास हृदयावरील ताण वाढतो.

यानंतर येतो घरातील निर्णय. धानाची रोवणी चालू आहे, घरी पाहुणे आहेत, मुलगा बाहेरगावी आहे, पैसे नाहीत, ‘सकाळी पाहू’. हे वाक्य पुरुषाच्या छातीत दुखत असताना क्वचितच उच्चारले जाते. स्त्री स्वतःच ते उच्चारते, हे त्यातील अधिक गंभीर आहे. रुग्णालयात पोहोचल्यावरही तिचा हृदयालेख काढण्यास उशीर होणे, रक्तवाहिन्यांची तपासणी न सुचविली जाणे, घरी जाताना पुढील औषधे अपुरी मिळणे, असे अनुभव जगभरच्या पाहण्यांत नमूद आहेत. मोठ्या रक्तवाहिन्यांत अडथळा दिसला नाही, तरी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकाराने स्त्रीच्या हृदयास रक्त कमी पडू शकते, हे आता मान्य झाले आहे. म्हणून ‘तपासणी चांगली आली, मनाचे खेळ आहेत’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

मुलींच्या बाबतीत हा भेद किती लहानपणी सुरू होतो, याचा एक अभ्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत झाला व २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मजात हृदयदोषासाठी शस्त्रक्रिया सुचविलेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची ती पाहणी होती. सुचविलेली शस्त्रक्रिया मुलग्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांची, तर मुलींपैकी केवळ ४४ टक्क्यांची झाली. दोष सारखा, रुग्णालय एकच, सल्लाही तोच. घरी गेल्यावर परत आला तो मुलगा. या आकड्यावर शिक्षकांनी व पालकांनी विचार करावा.

गरोदरपण : निसर्गाने दिलेली पूर्वसूचना

स्त्रीच्या हृदयाविषयीची एक अमूल्य माहिती आपल्याकडे आधीच नोंदलेली असते आणि आपण ती वाया घालवितो. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढून लघवीत प्रथिने जाऊ लागली किंवा इतर अवयवांवर परिणाम दिसू लागला, तर माता व बालक दोघांच्याही जिवास धोका असतो. प्रसूतीनंतर हा रक्तदाब बहुधा उतरतो आणि सर्वजण निश्चिंत होतात. परंतु २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे आढळले की, अशा स्त्रियांना पुढील आयुष्यात कायमचा उच्च रक्तदाब जडण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे साडेतीन पटींहून अधिक, तर हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो. पंचविशीत मिळालेली ही पूर्वसूचना पंचेचाळिशीतील झटका टाळण्यास उपयोगी पडू शकते.

हे घडत नाही, कारण बाळंतपणाची नोंद एका कार्डावर, तर रक्तदाबाची नोंद दुसऱ्या वहीत असते. माता-बाल संरक्षण कार्डावरील नोंद पाहून अशा स्त्रीचे नाव रक्तदाबाच्या यादीत उतरवून घ्यावे, तीस वर्षांची होण्याची वाट न पाहता दरवर्षी तिचा रक्तदाब मोजावा, एवढेच काम आहे. त्यास अनुदान लागत नाही.

याच संदर्भात दोन दक्षता सांगावयास हव्यात. टेल्मिसार्टन व त्या प्रकारची औषधे गर्भास अपायकारक असतात. म्हणून गर्भधारणेचा संभव असलेल्या स्त्रीस औषध देताना तशी विचारणा झालीच पाहिजे आणि दिवस राहिल्याचा संशय येताच तिने डॉक्टरांकडे जाऊन औषध बदलून घेतले पाहिजे. लॅबेटालॉल, निफेडिपीन, मेथिलडोपा ही औषधे अशा वेळी वापरली जातात. दुसरी दक्षता गर्भनिरोधक गोळ्यांची. ‘माला-एन’सारख्या संप्रेरकयुक्त संयुक्त गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो. त्या सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजावा व तो अधिक असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरे साधन निवडावे.

जिल्ह्याच्या राहणीतील कारणे

शेतात राबणाऱ्यास रक्तदाब होत नाही, असा समज ग्रामीण भागात आहे. श्रमाचा लाभ होतो हे खरे, पण इतर कारणे तो लाभ हिरावून घेतात. त्यात तंबाखू प्रथम येते. विदर्भात खऱ्र्याचे व्यसन पुरुषांत फार पसरले आहे. स्त्रियांत धूम्रपान नगण्य असले तरी तंबाखू चघळणे, तपकीर वा गुडाखू दातांना लावणे चालते. ‘मी विडी ओढत नाही’ असे उत्तर देणारी स्त्री तंबाखूपासून मुक्त असतेच असे नाही. म्हणून प्रश्न ‘विडी ओढता काय’ असा न विचारता ‘तंबाखू कोणत्याही रूपात घेता काय’ असा विचारला पाहिजे. विड्या वळण्याचा उद्योग या जिल्ह्यात घरोघरी चालत आला आहे, तेथेही तंबाखूची धूळ स्त्रियांच्याच श्वासात जाते.

दुसरे कारण मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीस दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. भारतीय माणूस सरासरी आठ ग्रॅमच्या आसपास घेतो आणि त्यातही पुरुषांचे प्रमाण अधिक आहे. लोणचे, पापड, सुकविलेली मासळी, ताटात वरून घेतलेले मीठ यांतून ते पोटात जाते. स्वयंपाकात मीठ किती पडावे हे स्त्रीच्या हाती असले, तरी ताटात वरून किती घ्यावे हे पुरुषाच्या हाती आहे, हे विसरता कामा नये. तिसरे कारण चुलीचा धूर. लाकडाच्या धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांप्रमाणेच हृदयासही घातक असतात आणि तो धूर मुख्यतः स्त्रीच घेते. गॅसची जोडणी घरात असूनही पुन्हा सिलिंडर न भरल्याने चूल पेटत असेल, तर तो आरोग्याचाही प्रश्न आहे.

नोंदवही काय सांगते?

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका उपकेंद्राच्या क्षेत्रात तिशीवरील एक हजार पुरुष व एक हजार स्त्रिया आहेत. चौघांत एकास रक्तदाब धरला तर २५० पुरुष व २५० स्त्रिया रुग्ण असावयास हव्यात. नोंदवहीत मात्र १५० स्त्रिया व ८० पुरुष, असे २३० रुग्ण आहेत. त्यांपैकी ९० स्त्रियांचा व ४० पुरुषांचा, असा १३० जणांचा रक्तदाब आटोक्यात आहे. मासिक सभेत ‘नोंदणी झालेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के रुग्ण नियंत्रणात’ असे सांगितले जाईल आणि काम समाधानकारक मानले जाईल.

हाच आकडा गावातील सर्व अपेक्षित रुग्णांच्या तुलनेत पाहिला, तर ५०० पैकी १३०, म्हणजे २६ टक्केच नियंत्रणात आहेत. तो स्त्री-पुरुष असा विभागला, तर स्त्रियांत ३६ टक्के आणि पुरुषांत केवळ १६ टक्के असे चित्र दिसते. पुढील तिमाहीत कोठे जावयाचे हे पहिल्या आकड्यातून कळत नाही. दुसऱ्या व तिसऱ्यातून कळते. उदाहरणातील संख्या कल्पित आहेत, हिशेबाची रीत मात्र कोणत्याही उपकेंद्रास आपल्या खऱ्या संख्या घालून वापरता येईल. हृदयविकाराच्या बाबतीतही संदर्भित रुग्ण, वाहनास लागलेला वेळ आणि प्रत्यक्ष मिळालेला उपचार या तीन नोंदी स्त्री-पुरुष अशा वेगळ्या ठेवल्या, तर दुसरे अंतरही उघड होईल.

मोजणीही नीट व्हावयास हवी. व्यक्तीस पाच मिनिटे शांत बसवावे, पाठीस आधार व पाय जमिनीवर असावेत, हात हृदयाच्या पातळीवर टेकविलेला असावा, पट्टा दंडाच्या मापाचा असावा. घट्ट बाहीवरून पट्टा बांधला किंवा बाही वर सारून ती दंडास आवळली, तर मोजमाप चुकते. स्त्रियांच्या बाबतीत ही चूक नेहमी होते. आडोशाची साधी सोय केल्यास ती टळते.

कोणी काय करावे?

ग्रामपंचायतीपुढे एक उदाहरण आधीच आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान व जननी सुरक्षा योजना सुरू झाल्या. घरी होणारी बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली आणि २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर पोहोचले. रात्री-अपरात्री प्रसूतीच्या कळा आल्या तर वाहन बोलवावे, हे गावागावांना समजले. जे गाव कळा आलेल्या सुनेसाठी मध्यरात्री वाहन आणते, ते छातीत कळ आलेल्या सासूसाठी सकाळची वाट पाहते, हे बदलले पाहिजे. २०१४ पासून राज्यात कार्यरत असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दोघींसाठी आहे.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत वर्षातून किमान दोनदा हा विषय घ्यावा. राज्यात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या सदस्यांनी स्वतःचा रक्तदाब सभेतच मोजून घेतल्यास इतरांचा संकोच जाईल. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीने औषधे बंद केलेल्यांची यादी आशा कार्यकर्तीकडून दर महिन्यास घ्यावी व पुरुषांकडे पुरुष सदस्यांनी जावे. यादी समितीपुरती राहावी, चावडीवर वाचली जाऊ नये, एवढे पथ्य पाळावे. छातीत दाब, धाप, घाम वा जबड्यात-पाठीत कळ एकाएकी सुरू झाल्यास स्त्री असो वा पुरुष, लगेच १०८ क्रमांकास कळवावे, रुग्णास चालवू नये, हृदयालेखाची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्यावे, अशी सूचना फलकावर कायम लिहिलेली असावी.

शिक्षकांचे कार्य दुहेरी आहे. वर्गात मीठ, तंबाखू व व्यायाम यांविषयी शिकविताना मुलांना घरी आईवडील दोघांचाही रक्तदाब मोजला गेला आहे काय, हे विचारावयास सांगावे. २०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलामुलींची शाळेत तपासणी होते. हृदयदोष आढळलेली मुलगी शस्त्रक्रियेस प्रत्यक्ष गेली काय, याचा पाठपुरावा वर्गशिक्षकाहून अधिक चांगला कोणी करू शकत नाही. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलास घसा दुखून गेल्यावर काही दिवसांनी ताप व सांधेदुखी सुरू झाली, तर संधिवाती ज्वराचा संशय घ्यावा. त्यातून होणारा झडपेचा विकार स्त्रियांत अधिक आढळतो व तो बहुधा गरोदरपणी उघड होतो. वेळीच पेनिसिलीनची इंजेक्शने नियमित घेतल्यास पुढील हानी टळते.

अधिकाऱ्यांनी नोंदी स्त्री-पुरुष विभागून सभेपुढे ठेवाव्यात, सायंकाळच्या तपासणीस मान्यता द्यावी, औषधांचा साठा खंडित होऊ देऊ नये आणि प्रसूती विभागातील नोंद रक्तदाबाच्या नोंदीस जोडून घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली हृदयाच्या शस्त्रक्रिया व रक्तवाहिन्यांचे उपचार होतात, ही माहिती घरातील स्त्रियांपर्यंत पोहोचली आहे काय, हे पाहावे. कारण कागदपत्रे पुरुषाच्या हाती आणि आजार स्त्रीचा, अशी स्थिती अनेक घरांत असते. मार्च २०२३ पासून एस. टी. प्रवासात स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत आहे. तालुक्याच्या रुग्णालयात तपासणीस जाण्यासाठी तिचा उपयोग होऊ शकतो.

भंडारा जिल्ह्याने रक्तदाब नियंत्रणाच्या कामास देशात सर्वप्रथम हात घालणाऱ्यांत स्थान मिळविले. आरंभीचा प्रश्न ‘औषध गावापर्यंत पोहोचेल काय’ हा होता. आता ते घरातील कोणापर्यंत पोहोचते आणि कोणास वगळून पुढे जाते, हे पाहण्याची वेळ आली आहे. घरातील पुरुषास वेळीच गोळी मिळाली आणि स्त्रीस वेळीच वाहन मिळाले, तर पुष्कळ अकाली मृत्यू टळतील. त्यासाठी लागणारी साधने बव्हंशी उपलब्ध आहेत. नोंदवहीतील एक रकाना वाढविणे आणि घरातील एक सवय बदलणे, एवढे कार्य उरले आहे.